मायटर सॉ: कोपरा फटीशिवाय जुळवायचा आणि बोटंही वाचवायची, ते कसं?

रीलवर हे यंत्र फार सोपं दिसतं. एका हाताने पट्टी धरायची, दुसऱ्या हाताने दांडा खाली दाबायचा, घर्रर्र आवाज होतो आणि पट्टी कापली जाते. तीस सेकंदांत फोटो फ्रेम तयार! हे यंत्र म्हणजे मायटर सॉ. एका जागी बसवलेली, ठरवलेल्या कोनात लाकूड कापणारी विजेवरची करवत.

मावळात हे यंत्र आता फक्त मोठ्या कंत्राटदारांकडे दिसतं असं नाही. लोणावळा, खंडाळा, कामशेत, पवनानगर या पट्ट्यात बंगले, व्हिला आणि फार्महाऊसची कामं वर्षभर सुरू असतात. दाराच्या पट्ट्या, स्कर्टिंग, लाकडी छताची किनार, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, अशा सगळ्या कामांत कोपरे जुळवावे लागतात. शिवाय ऑनलाइन मिळतं म्हणून घरच्या घरी सुतारकाम करू पाहणारेही ते विकत घेतात.

अडचण अशी की यंत्रासोबत आलेली पुस्तिका बहुतेक वेळा खोक्यातच राहते आणि शिकणं रील बघून होतं. तर हे यंत्र नेमकं कसं चालतं, कोणता कट कसा घ्यायचा, लोणावळ्याच्या पावसात जोड का उघडतात आणि हाताला लागलंच तर काय करायचं, ते एकेक करून पाहू.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या यंत्रावर अचूकपणा आणि सुरक्षितता एकत्रच येतात. कापताना तुकडा हलला की कोन चुकतो आणि तोच तुकडा हाताला पात्याकडे ओढतो. त्यामुळे बोटं वाचवण्याच्या बहुतेक सवयी कटही सरळ आणतात.

हे यंत्र काय करतं?

मायटर सॉमध्ये चार भाग महत्त्वाचे असतात. तुकडा ठेवायचा टेबल, त्यामागची उभी आडकाठी म्हणजे फेन्स, वरून खाली येणारं गोल पातं आणि पात्यावरचं झाकण म्हणजे गार्ड.

टेबल डावी-उजवीकडे फिरवलं की मायटर कोन मिळतो. पात्याचं डोकं बाजूला कललं की बेव्हल कोन मिळतो. दोन्ही एकत्र करता येतात ते कंपाउंड यंत्र. पातं पुढे-मागे सरकतं ते स्लाइडिंग यंत्र, ज्यावर रुंद फळीही कापता येते.

आता वेगाचा अंदाज घ्या. १० इंची पातं मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. म्हणजे काही चुकलंच तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून हात आधीपासूनच लांब असला पाहिजे.

ग्राइंडर किंवा मार्बल कटरने भागत नाही का?

अनेक साइटवर छोट्या अँगल ग्राइंडरला किंवा मार्बल कटरला लाकडाचं दातेरी पातं लावून काम उरकतात. स्वस्त पडतं, पण फार धोकादायक आहे.

४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याचा गार्ड घासण्याच्या चकतीसाठी असतो, दातेरी पात्यासाठी नाही, आणि तोही अनेकदा काढून टाकलेला असतो. पातं लाकडात अडकलं की अख्खं यंत्र हातातून उसळतं. मायटर सॉमध्ये निदान पातं एका ठरलेल्या वाटेनेच खाली येतं आणि लाकूड टेबल-फेन्सला टेकलेलं असतं. तो टेकू काढून टाकला, तर मायटर सॉसुद्धा तितकाच धोकादायक होतो.

कोणतंही पातं लावण्याआधी त्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या बघा. ती यंत्राच्या वेगापेक्षा जास्तच असायला हवी.

कापण्याची पद्धत: सहा पायऱ्या

१. प्लग काढलेला असताना कोन लावा, पातं हाताने खाली आणून बघा. ते फेन्सला किंवा क्लॅम्पला लागत नाही ना?

२. तुकडा टेबलाला आणि फेन्सला दोन्हीकडे टेकवा. खाली भुशाचा एक कण जरी राहिला तरी कोन बिघडतो. प्रत्येक कटाआधी ब्रशने भुसा झाडा. हाताने किंवा फुंकर मारून नाही.

३. तुकडा क्लॅम्पने धरा. हाताने धरायचाच असेल तर हात पात्यापासून किमान ६ इंच लांब ठेवा. हातांची कात्री कधीच करू नका, म्हणजे उजव्या बाजूचा तुकडा डाव्या हाताने धरू नका.

४. स्विच दाबा आणि पात्याला पूर्ण वेग येऊ द्या. मगच ते लाकडावर आणा.

५. सावकाश खाली घ्या. जोर लावला तर पातं वाकतं आणि कट तिरका येतो.

६. कट पूर्ण झाल्यावर स्विच सोडा, पातं खालीच ठेवून ते थांबेपर्यंत वाट बघा. मग वर उचला.

सहावी पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. फिरतं पातं वर उचललं की सुटलेला छोटा तुकडा दातांत सापडतो आणि गोळीसारखा उडतो. शिवाय वर येताना पातं कापलेल्या कडेला घासतं आणि ती खरबरीत होते. पातं थांबायला काही सेकंदच लागतात.

कोणता कट कसा घ्यायचा?

*सरळ, ९० अंशांचा कट*

नव्या यंत्रावरची शून्याची खूण बरोबरच असेल असं गृहीत धरू नका. एक सरळ रुंद पट्टी घ्या आणि मधून कापा. दोनपैकी एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून कापलेली टोकं जुळवा. फट दिसली तर यंत्राच्या चुकीच्या दुप्पट दिसते, म्हणून अर्ध्या अंशाची चूकही डोळ्याला कळते. मग प्लग काढा आणि गुण्या लावून फेन्स सरळ करून घ्या.

पातं साधारण अडीच-तीन मिलिमीटर लाकूड खातं. म्हणून ते नेहमी खुणेच्या टाकाऊ बाजूला चालवा. खुणेच्या बरोबर मध्ये चालवलं तर प्रत्येक तुकडा थोडा आखूड येतो.

*फ्रेमचा, ४५ अंशांचा कट*

नियम सोपा आहे. कोपऱ्याच्या कोनाचं निम्मं ९० मधून वजा करायचं. ९० अंशांच्या कोपऱ्याला ४५. पण जुन्या बंगल्यात किंवा घाईत केलेल्या प्लास्टरमध्ये भिंतीचा कोपरा क्वचितच ९० चा भरतो. तो ९२ असेल तर दोन्ही पट्ट्या ४४ वर कापाव्या लागतात. म्हणून कोन मापक घेऊन आधी भिंत मोजा.

छोटी चूक इथे मोठी होते. चौकोनी फ्रेमला चार कोपरे आणि आठ कट असतात. प्रत्येक कट अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चार अंशांचा फरक साचतो. ७० मिलिमीटर रुंद पट्टीच्या जोडात फक्त एक अंश कमी-जास्त झाला तरी एका टोकाला पावणेदोन मिलिमीटरची फट दिसते.

माप काढताना आतलं आणि बाहेरचं माप गल्लत करू नका. आतलं माप ९०० मिलिमीटर हवं असेल आणि पट्टी ७० रुंद असेल, तर बाहेरच्या कडेची लांबी ९०० अधिक दोन वेळा ७०, म्हणजे १०४० मिलिमीटर.

समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या हव्यात. त्यासाठी फेन्सला एका बाजूला लाकडाचा ठोकळा क्लॅम्पने बांधून अडकण करा. पट्टी त्याला टेकवली की प्रत्येक वेळी तेवढीच लांबी मिळते. पण अडकण एकाच बाजूला हवी. दोन्ही बाजूंना लावली तर सुटलेला तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यात अडकतो आणि उसळतो.

चौकोनाऐवजी दुसरा आकार हवा असेल तर १८० ला बाजूंच्या संख्येने भागा. षटकोनाला ३० अंश, अष्टकोनाला साडेबावीस अंश.

*बेव्हल कट*

रुंद स्कर्टिंग फेन्सला उभी टेकवून मायटरने कापता येते. ती यंत्राच्या उंचीत बसत नसेल तर टेबलावर आडवी ठेवून पातं ४५ वर कलवतात.

बेव्हलमध्ये पातं ज्या बाजूला कलतं, त्या बाजूचा हात सरळ कटापेक्षा पात्याच्या जास्त जवळ येतो. म्हणून इथे ६ इंचांचं अंतर कललेल्या पात्यापासून मोजा. फेन्सचा वरचा भाग सरकवून बाजूला घ्या, नाहीतर पातं त्यालाच कापेल.

*कंपाउंड कट*

छत आणि भिंत यांच्या मध्ये तिरकी बसणारी लाकडी किनार कापताना मायटर आणि बेव्हल दोन्ही लागतात. ही किनार सहसा भिंतीशी ३८ आणि छताशी ५२ अंश करते. ती टेबलावर सपाट ठेवून ९० च्या कोपऱ्यासाठी कापायची असेल, तर मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ अंश लावतात. अनेक यंत्रांवर हे आकडे आधीच कोरलेले असतात.

दुसरी सोपी रीत म्हणजे किनार भिंतीला जशी तिरकी बसणार तशीच, पण उलटी ठेवायची. छताकडची कड टेबलावर, भिंतीकडची कड फेन्सला. मग फक्त ४५ चा मायटर पुरतो. ती घसरू नये म्हणून टेबलावर एक पट्टी क्लॅम्प करून टेकू द्या. दोन्ही रीतींत आधी टाकाऊ तुकड्यांवर कोपरा जुळवून बघा.

*रुंद फळीचा स्लाइड कट*

पातं फिरत नसताना डोकं आपल्याकडे ओढा. मग स्विच दाबा, पातं खाली घ्या आणि फेन्सकडे ढकलत कापा. उलटं, म्हणजे आपल्याकडे ओढत कापलं, तर पातं लाकडावर चढतं आणि थेट आपल्या दिशेने झेप घेतं.

कोणता तुकडा या यंत्रावर कापूच नये?

हातभरापेक्षा छोटा तुकडा हाताने धरून कापू नका. साधारण २०० मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापा किंवा क्लॅम्प वापरा.

बाक आलेल्या पट्टीची फुगीर बाजू फेन्सला टेकवा, आणि कट जिथे पडणार तिथे फट नको. पोकळ बाजू टेकवली तर कापता-कापता लाकूड मिटतं आणि पातं चिमटीत धरतं. गोल दांडा व्ही आकाराच्या खाचेत धरल्याशिवाय कापू नका, तो फिरतो.

लाकूड लांबीत फाडायचं काम या यंत्राचं नाही. लोखंडही लाकडाच्या पात्याने कापायचं नसतं. अॅल्युमिनियम कापता येतं, पण त्याचं वेगळं पातं मिळतं आणि पट्टी क्लॅम्पने धरावीच लागते. अॅल्युमिनियम कापल्यावर चुरा साफ करून मगच लाकूड घ्या. धातूचा गरम कण कोरड्या भुशात पडला तर आग लागू शकते.

तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमधून निघणाऱ्या पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड अनेक हौशी लोक वापरतात. स्वस्त आणि चांगलं असतं, पण आत खिळे आणि स्टेपल असतात. कटाच्या जागी लोहचुंबक फिरवून बघा.

लोणावळ्याच्या पावसात जोड का उघडतात?

मे महिन्यात अगदी घट्ट बसलेला कोपरा ऑगस्टमध्ये उघडलेला दिसतो आणि दोष मिस्त्रीच्या कटाला दिला जातो. पण बऱ्याचदा कट बरोबर असतो, लाकूड बदललेलं असतं.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्याचा जवळपास सगळा भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. त्याच तालुक्यात तळेगाव दाभाडेला पाऊस त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. हवेतला ओलावा शोषून लाकूड फुगतं, पण ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवानाची १०० मिलिमीटर रुंद फळी, ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर साधारण एक मिलिमीटरपर्यंत रुंद होते. सागवान तर कमी हलणारं लाकूड मानलं जातं.

रुंदी बदलली आणि लांबी तेवढीच राहिली, की ४५ चा कोन ४५ राहत नाही. फुगल्यावर जोड आतल्या टोकाला घट्ट होतो आणि बाहेरच्या टोकाला उघडतो. आकसल्यावर उलट, फट आतल्या टोकाला दिसते. म्हणजे फट कुठे आहे ते पाहून कारण ओळखता येतं. ऑगस्टमध्ये बाहेरचं टोक उघडलं असेल तर लाकूड फुगलंय. पावसाळ्यात बसवलेल्या फ्रेमला मार्चमध्ये आत फट पडली तर लाकूड आकसलंय.

उपाय काय? लाकूड आणल्याबरोबर कापू नका. ज्या घरात बसवायचं त्याच घरात काही दिवस, खाली-मध्ये पट्ट्या लावून हवा खेळेल असं रचून ठेवा. जितकी रुंद पट्टी तितकी जास्त हालचाल, म्हणून घाटमाथ्यावर शक्य तिथे अरुंद पट्ट्या घ्या. कापलेल्या टोकांनाही पॉलिश किंवा सीलर लावा, कारण लाकूड टोकातून सर्वात भराभर पाणी पितं.

लाकडाची काळजी घेतली तर ते किती टिकतं याचं उदाहरण लोणावळ्याच्या शेजारीच आहे. कार्ल्याच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या लाकडी कमानी आजही दिसतात. आत पाऊस थेट पोहोचत नाही, याचा त्यात मोठा वाटा आहे.

वीज, धूळ, आवाज आणि कपडे

पावसाळ्यात वीज जाणं-येणं नेहमीचं. कापताना वीज गेली तर आधी स्विच सोडा, मग प्लग काढा. यंत्र बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवू नका. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट आणि वळणं उलगडलेली जाड वायर वापरा. ओल्या फरशीवर यंत्र मांडू नका.

लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत ठेवलंय. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, एन९५ मास्क लागतो. या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. एवढ्या आवाजात कानाच्या संरक्षणाशिवाय दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, असा अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा निकष सांगतो. चष्मा, कानावरचे मफ आणि मास्क हे तिन्ही मिळून काही शे रुपयांत येतात.

हातमोजे मात्र घालू नका. मोज्याचा धागा दातांत सापडला की तो अख्खा हात ओढून नेतो. हीच गोष्ट सैल बाह्या, ओढणी, मनगटातला दोरा आणि कडं यांची. मोजे फक्त पातं बदलताना घाला, तेही प्लग काढून.

आणि बोट कापलंच तर?

पहिल्या काही मिनिटांत काय केलं यावर बोट पुन्हा जोडता येईल की नाही, हे बरंचसं ठरतं.

- जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, कॉफी, चुना काहीही लावू नका.
- तुटलेला भाग सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी मरतात.
- १०८ ला फोन करा. निघण्याआधी रुग्णालयात विचारून घ्या की सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन उपलब्ध आहेत का. शनिवार-रविवारच्या लोणावळ्यातल्या कोंडीत चुकीच्या दारात जाऊन परत फिरायला वेळ नसतो.
- रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

थंड न ठेवलेलं बोट साधारण १२ तासांपर्यंत, तर नीट थंड ठेवलेलं २४ तासांपर्यंत जोडता येण्याची शक्यता असते.

सुतारांसाठी सरकारी मदत कोणती?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशा तरतुदी आहेत.

बांधकामावर काम करणाऱ्या सुतारांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातही नोंदणी करता येते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, या मुख्य अटी आहेत. अपघात झाल्यावर नोंदणी शोधण्यापेक्षा आधी केलेली बरी. तुमच्या घराचं काम करणाऱ्या मिस्त्रीला याबद्दल जरूर सांगा.

दांडा खाली घेण्याआधी पाच प्रश्न

तुकडा टेबलाला आणि फेन्सला टेकलाय का? क्लॅम्प घट्ट आहे का? दोन्ही हात ६ इंच लांब आहेत का? पातं खुणेच्या टाकाऊ बाजूला आहे का? कापलेला तुकडा मोकळा पडायला जागा आहे का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तरच स्विच दाबा. एखादं 'नाही' आलं तर ते आधी नीट करा, पट्टी कुठे पळून जात नाही.